मदत हवी आहे: फक्त कॅमेऱ्यासाठी नवा फोन घ्यावा का?

नमस्कार मंडळी. माझा फोन २०२१ सालचा आहे. मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेल, टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स नाही. उजेडात फोटो आजही सुरेख येतात, बाकी काहीच तक्रार नाही.

पण परवा लेकीच्या शाळेचं गॅदरिंग झालं. आम्ही दहाव्या रांगेत. झूम केलं तर चेहरा मेणाचा वाटतो, आणि गिरकी घेतानाच्या प्रत्येक फोटोत ओढणीचा नुसता हिरवा फराटा. फार वाईट वाटलं हो, ते क्षण काही परत येत नाहीत.

आयफोन १६ प्रोला ५ पट ऑप्टिकल झूम (फोटो नुसता ताणून नव्हे, लेन्समधूनच मोठा दिसणारा) आहे, पण २०२४ मध्ये तो बाजारात आला तेव्हा किंमत १,१९,९०० रुपयांपासून होती. शिवाय त्या झूम लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/२.८, म्हणजे मुख्य कॅमेऱ्यापेक्षा उजेड कमीच घेणार. मग स्टेजच्या अंधुक प्रकाशात नाचणारं मूल खरंच स्पष्ट येतं का? कुणी असे फोटो काढले असतील तर कृपया इथे टाका, एडिट न केलेले.

की एवढ्या पैशांत सेकंड हँड मिररलेस कॅमेरा (लेन्स बदलता येणारा वेगळा कॅमेरा) आणि झूम लेन्स घेणंच बरं? माझा कल तिकडे आहे, पण तो रोज खिशात थोडाच राहणार!