पणजोबांची पलटण कशी शोधायची?

आमचे पणजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये. "इटलीला लढले" एवढंच घरात माहीत. डिस्चार्ज बुक (सेवा संपल्यावर मिळणारं नोंदपुस्तक) वाळवीनं खाल्लं. उरलंय एक तारा-पदक आणि वर्दीतला फोटो. रेजिमेंटमधली नेमकी पलटण (बटालियन) कशी कळेल?

— पदकावर 'इटली स्टार' कोरलंय का बघा. असेल तर सेवा ११ जून १९४३ नंतरची. पण पहिली आणि तिसरी, दोन्ही पलटणी तिकडं होत्या. नामदेव जाधव पहिलीतले, यशवंत घाडगे तिसरीतले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक!

— फोटोवरून फार ताणू नका राव, शिंगाचा बिल्ला सगळ्याच मराठा पलटणींचा. सैनिक नंबर शोधा, मग बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला अर्ज. नंबरासाठी पेन्शनचे कागद आहेत का?

— पणजीचं पेन्शनबुक आत्याकडं आहे! रविवारी कराडला जातो.