शब्दचर्चा : गल्लाभरू, धंदेवाईक की बाटलेला?

पोटमाळा

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय आणि एका शब्दाशी अडून बसलोय. विषय आहे डोनाल्ड बर्ड हा ट्रंपेटवादक आणि त्याची १९७३ साली आलेली 'ब्लॅक बर्ड' ही एलपी. (आडनावाच्या स्पेलिंगमध्ये 'वाय' आहे, पक्ष्याचं नाही. पण नावातला श्लेष कुणाच्या नजरेतून सुटत नाही.)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्ड डेट्रॉइटचा, जन्म १९३२चा. १९५५ साली आर्ट ब्लेकी या ड्रमरच्या 'जॅझ मेसेंजर्स' या बँडमध्ये वाजवायला लागला आणि पुढे ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी हार्ड बॉपच्या (जॅझचा एक जोरकस प्रकार) एकाहून एक कडक तबकड्या काढल्या. पियानोवादक हर्बी हॅन्कॉक पोरसवदा असताना त्याला जवळ केलं ते यानेच. मग १९७२मध्ये हॉलिवूडच्या साउंड फॅक्टरी स्टुडिओत जाऊन त्याने सोल आणि फंक या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताची ही तबकडी बांधली, आणि ती अशी खपली की ब्लू नोटच्या तोवरच्या सगळ्या तबकड्या मागे पडल्या. जॅझवाले मात्र जाम भडकले.

इंग्रजीत सगळे तिला सरसकट 'कमर्शियल' म्हणून मोकळे होतात. मी आधी 'व्यावसायिक' लिहिलं. बायकोने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे याआधीच्या हौशी होत्या का?" तो शब्द गेला. मग 'गल्लाभरू' लिहिलं. संपादक इतके खूष झाले की तो शब्द शीर्षकात घेतो म्हणाले. आता मलाच अपराध्यासारखं वाटतंय. सुचवा काहीतरी.

तिसरी घंटा

वहिनींचं बरोबर आहे. 'व्यावसायिक'चे दोन विरुद्धार्थी शब्द आपण खिशात घेऊन फिरतो. नाटकात 'व्यावसायिक'च्या समोर 'प्रायोगिक' येतं, आणि माणसाबद्दल बोलताना 'हौशी'. 'व्यावसायिक ट्रंपेटवादक' म्हटलं की पोटापाण्यासाठी वाजवणारा, आणि 'व्यावसायिक नाटक' म्हटलं की तिकीटबारीवर चालावं म्हणून केलेलं. तबकडी यातली कुठली, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

'गल्लाभरू'बद्दल जरा सविस्तर. माझी वीसेक वर्षं विंगेत गेली. 'गल्ला' हा शब्द आम्ही रोज वापरतो, अगदी सरळ मनाने. "आज गल्ला किती?" "दुपारच्या प्रयोगाला गल्ला बसला." यात शिवी नाही, हिशेब आहे. पण 'गल्लाभरू' हे विशेषण मी बुकिंगच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. ते परीक्षणात येतं, आणि बहुधा 'तद्दन' हे शेपूट पुढे लावून. 'तद्दन गल्लाभरू'. ज्याच्या घरची चूल गल्ल्यावर पेटत नाही त्याने बनवलेला शब्द आहे हा.

शाईपेन

गल्ल्याची गंमत सांगतो. जुन्या कागदपत्रांत गल्ला म्हणजे धान्य. गल्ला भरणे म्हणजे कोठार भरणे, त्यात लाजण्यासारखं काय? पुढे गल्ला दुकानदाराच्या पेटीत गेला आणि 'भरू' चिकटल्यावर बिघडला. हा 'भरू'च मुळात अपशकुनी. 'पोटभरू' बघा. पोट भरणं चांगलं, पोटभरू वाईट.

'धंदेवाईक'चंही असंच झालंय. पूर्वी 'धंदेवाईक गवई', 'धंदेवाईक नाटक मंडळी' असं बिनदिक्कत लिहीत. अर्थ एवढाच की त्यावर उपजीविका आहे. आज एखाद्या गायकाला धंदेवाईक म्हणून बघा. 'बाजारू' तर विचारूच नका, तो थेट अब्रूवर जातो.

बेलबॉटम

पोटमाळा, तुमचा लेख वाचायला मिळालाच पाहिजे. गेली कित्येक वर्षं फंकच्या तबकड्या जमवतोय, त्यामुळे तोंड उघडतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून असं वाटतं की बाबाने एका रात्रीत कात टाकली. तसं नाही झालेलं. १९६९च्या 'फॅन्सी फ्री'मध्ये इलेक्ट्रिक पियानो आलाच होता. १९७०ला 'इलेक्ट्रिक बर्ड' आली, मग 'इथिओपियन नाइट्स'. पायरी पायरीने उतरला (किंवा चढला, ज्याचं त्याने ठरवावं). 'ब्लॅक बर्ड'मध्ये नवीन काय, तर लॅरी आणि फॉन्स हे मिझेल बंधू. बर्ड हॉवर्ड विद्यापीठात शिकवत होता, हे दोघे तिथलेच विद्यार्थी. लॅरी इंजिनिअर, चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या चाचण्यांवर काम केलेला. फॉन्स मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत, जॅक्सन फाइव्ह या गटाचं 'आय वाँट यू बॅक' लिहिणाऱ्या चौकडीतला. मास्तरने हिट गाण्यांचा कारखाना आतून बघितलेल्या पोरांच्या हाती स्वतःची तबकडी दिली. बहुतेक रचना लॅरीच्या. पियानोला जो सँपल, ड्रम्सला हार्वी मेसन.

इंग्रजीत याला 'सेल आउट' म्हणतात. मराठीत 'विकला गेला' म्हणायचं का?

तिसरी घंटा

'विकला गेला' म्हटलं की मला नगरसेवक दिसतो. रात्री पाकीट, सकाळी दुसरा पक्ष. त्यात फितुरी आहे. जॅझवाल्यांचा राग तसा नव्हता बहुतेक. त्यांचा राग सोवळ्यातला वाटतो. मी 'बाटला' म्हणेन.

म्हापशाचो

'बाटला' शब्द निघाला म्हणून आलो. आमच्याकडची जुनी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, वसईकडेही सांगतात. रात्री कुणी विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने नकळत पाणी प्यायलं, गाव बाटला. खरीखोटी देव जाणे, पण व्याकरण बघा. बाटायला काही करावं लागत नाही. बाटवणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि बाटलेल्याची मर्जी कुणी विचारत नाही.

बर्डच्या विहिरीत तो इलेक्ट्रिक पियानो कुणी टाकला? त्याने स्वतःच ना!

जाता जाता: आमच्या हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट रात्री ताजमध्ये जॅझ वाजवत आणि सी. रामचंद्रांसाठी सिनेमाच्या गाण्यांतही वाजवत. त्यांना कुणी गल्लाभरू म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. सिनेमा हे 'काम' होतं. कामावर गेले, आले.

पोटमाळा

म्हापशाचो, तुमचं म्हणणं नेमकं लागलं. आतापर्यंतची सगळी क्रियापदं काढून बघितली. 'विकला गेला', म्हणजे कुणीतरी विकत घेतला. 'बाटला', म्हणजे कुणीतरी बाटवला. 'वाहवत गेला', हे संपादकांनी सुचवलं होतं. कशातही बर्ड कर्ता नाही. आणि जिथे तो कर्ता आहे तिथे तो हावरट आहे, गल्ला भरतोय.

मध्यंतरी एक अपघातही झाला. पहिलं प्रूफ आलं. मुद्रितशोधकाला 'फंक' हा शब्द चुकीचा वाटला असावा. संपूर्ण लेखात 'फुंक' करून ठेवलंय. 'सोल आणि फुंक'. 'बर्डने फुंकेत नवा प्राण ओतला'. ट्रंपेटवाल्याबद्दलचा लेख असल्यामुळे वाक्यं इतकी अर्थपूर्ण लागतात की सहज निसटली असती. एका ठिकाणी तर 'जॅझवाल्यांच्या मते त्याने घर फुंकून टाकलं' हे माझं स्वतःचं वाक्य होतं, ते तेवढं शाबूत. 'सोल'बद्दल कंपोझिटरने समासात प्रश्नचिन्ह काढलंय. चपलेचा का?

डग्गा

😄 'फुंक' राहू द्या.

मला वेगळंच सांगायचंय. तुम्ही सगळे पैशाच्या शब्दावर अडलात, पण तबकडीत जे वाजतंय त्याला मराठीत शब्द आहेत का, ते कुणी बघितलं नाही. काल रात्री हेडफोन लावून पहिला तुकडा, 'फ्लाइट टाइम', तीन वेळा ऐकला. सुरुवातीला विमानाचा आवाज. मग बास आणि ड्रम्स एकाच जागी पाय रोवून उभे राहतात आणि हलतच नाहीत. त्यावर बासरी भिरभिरते, आणि ट्रंपेट येतो तो घाई नसलेल्या माणसासारखा. हार्ड बॉपचा बर्ड दर आवर्तनात काहीतरी सिद्ध करत असायचा. हा चार सूर वाजवून थांबतो.

त्या खालच्या न हलणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत 'ग्रूव्ह' म्हणतात. आमच्याकडे ठेका. आणि 'ठेका धरणे' तर सरळ त्या अवस्थेचंच वर्णन आहे, कारण ठेका वादक धरतो आणि ऐकणाऱ्याचा पायही धरतो. ('ठेका घेणे' वेगळं, ते ठेकेदाराचं.) फंकमध्ये पहिल्या मात्रेला फार मान, फंकचा गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना तिथेच आणून आदळायचा. म्हणून काही जण फंकची तुलना आपल्या समेशी करतात. मला ती अर्धीच पटते. सम सोळा मात्रा वाट बघायला लावते, म्हणून ती आली की मान डोलते. फंकची पहिली मात्रा दर चार मात्रांनी दारात उभी. वाट बघण्याचं सुख नाही, पण भेटत राहण्याचं आहे.

आणखी एक. या तबकडीत मागे चारदोन जण मिळून एकच ओळ गातात, फारसे तयार गळे नाहीत, मित्रांनी मिळून म्हटल्यासारखं. याला 'कोरस' लिहू नका. आपल्याकडे तमाशात मागचे लोक जे धरतात ना, ती 'झील'. बर्डच्या मागे मिझेल बंधू झील धरतात. बघा किती फिट बसतंय.

शाईपेन

'झील' मान्य, टाळ्या. 'फंक'ला मात्र प्रतिशब्द शोधू नका. मूळ अर्थ घामट, उग्र वास असा. तो शब्द आधी नाक मुरडण्याचा, मग जॅझवाल्यांनी पन्नासच्या दशकात मिरवायला घेतला. पियानोवादक होरेस सिल्व्हरच्या १९५३च्या एका रचनेच्या नावातच तो आहे. म्हणजे हाही शिवीतून वर आलेला शब्द. 'रांगडा' जवळ जातो, पण रांगड्याला वास नाही.

बेलबॉटम

'रांगडा' 'ब्लॅक बर्ड'ला लागूही नाही. ही फार गुळगुळीत तबकडी आहे, खरं बोलायचं तर माझ्या मते जरा जास्तच. मला दोन वर्षांनंतरची 'प्लेसेस अँड स्पेसेस' जास्त आवडते. तीही मिझेल बंधूंचीच.

आणि बर्डला कर्ता करणारी माहिती हवी असेल तर ही घ्या. हॉवर्डमधल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्याने 'ब्लॅकबर्ड्स' नावाचा गट काढला. वर्गात शिकायचं आणि बाहेर खरोखर तबकड्या काढायच्या. त्यांचं 'वॉकिंग इन रिदम' १९७५मध्ये अमेरिकेत पहिल्या दहात गेलं. बर्डने स्वतः १९७६ साली कायद्याची पदवी घेतली, वयाच्या चव्वेचाळिशीत. मास्टर्स होतीच, पॅरिसला नादिया बूलांजे या नामवंत संगीतशिक्षिकेकडेही शिकून आला होता, पुढे कोलंबियातून डॉक्टरेटही. संगीताच्या व्यवहारातलं कायद्याचं अंग तो पोरांना शिकवायचा. हा माणूस गल्ल्याकडे बघत होताच, पण गल्ला कुणाच्या दुकानात जातो तेही बघत होता.

तिसरी घंटा

मग 'धंदा'च वापरा की, छाती पुढे काढून. उद्योगधंदा, कामधंदा, धंद्याला लागणे, सगळे चांगल्या घरचे शब्द. फक्त 'बर्डने धंदा केला' असं लिहू नका, का ते सांगायला नको. 😬

पोटमाळा

'धंद्याची जाण' चालेल. पण अजून तबकडीसाठी विशेषण नाही. 'बाजार ओळखून केलेली' असं सुचतंय. 'गल्ल्यावर डोळा ठेवून' नको, डोळा ठेवला की चोर होतो.

शाईपेन

विशेषणाचा हट्ट का? 'कमर्शियल' हे त्यांचं विशेषण आहे म्हणून आपलंही विशेषणच हवं, असं कुणी सांगितलं? "ही तबकडी त्याने खपावी म्हणूनच केली, आणि ती खपली." कर्ता आहे, हेतू आहे, निकाल आहे. आणि 'खपणे' बिचारं निर्मळ आहे, त्यात भाजीही खपते आणि ज्ञानेश्वरीही. शिवाय 'तो त्या तबकडीसाठी खपला' असंही म्हणता येतं. माल खपतो आणि माणूसही खपतो. (म्हाताऱ्या माणसाबद्दल मात्र जपून.)

डग्गा

वा! घेऊन टाका.

बेलबॉटम

तिसरा खपही आहे. 'खपवून घेणे'. जॅझवाल्यांनी ते खपवून घेतलं नाही. पण पुढे हिपहॉपच्या पोरांनी याच काळातल्या तबकड्या उचलल्या. बर्डच्याच 'थिंक ट्वाइस'चा तुकडा 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या हिपहॉप गटाने वापरला. आणि १९९३मध्ये 'गुरू' नावाच्या रॅपरच्या 'जॅझमटॅझ' या तबकडीवर बर्ड स्वतः येऊन वाजवून गेला, साठीचा.

पोटमाळा

संपादकांना पाठवलं. शीर्षकातून 'गल्लाभरू' काढायला ते तयार नव्हते, म्हणे अंक कसा खपायचा. शेवटी प्रश्नचिन्ह लावून तडजोड झाली.

आता शेवटचा प्रश्न. या तबकडीत 'स्लॉप जार ब्लूज' नावाचा एक तुकडा आहे. स्लॉप जार म्हणजे रात्री खाटेखाली ठेवायचं, लघवीबिघवीचं. 'तस्त' लिहू का?

शाईपेन

नको नको. तस्तात हात धुवायचे, पान थुंकायचं. पाहुण्यासमोर ठेवायची वस्तू ती.

तिसरी घंटा

आमच्या आजोबांच्या खाटेखाली होतं. त्याला वेगळं नावच नव्हतं. 'भांडं'. रात्री दोन वाजता माजघरातून "भांडं दे गं" असा आवाज आला की कुठलं ते घरात सगळ्यांना कळायचं. आणि सकाळी "भांडी घासायची राहिलीत" म्हटलं की ते त्यात धरायचं नाही, हेही.

डग्गा

'भांड्याचा ब्लूज'. मुद्रितशोधकाला आधी फोन करून ठेवा, नाहीतर 'भांडणाचा' करेल.