आमच्या गल्लीतलं काम कसं ठरलं? नाशिककरांचे अनुभव

मंडळी, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहराला नगरसेवक नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात रस्ता, गटार, दिवाबत्ती, बाग यांसाठी कितीतरी लोक स्वतः विभागीय कार्यालयात गेले आणि अर्ज लिहायला शिकले. नगरसेवक परत आले म्हणून हे शिकलेलं वाया जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या भागातला एखादा निर्णय कुठे ठरला, तुम्ही कुणाला काय लिहून दिलं, काय झालं आणि काय राहिलं, ते इथे लिहा. अधिकाऱ्यांची आणि पक्षांची नावं नकोत. सहाही विभागांतून कुणी ना कुणी लिहावं ही विनंती.

पहिला अनुभव माझा, सिडकोतला.

सिडकोच्या सहा योजनांमधली जुनी बैठी घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना आमची गल्ली डोळ्यांसमोर येईल. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, जोतं जेमतेम दोन-तीन पायऱ्यांचं. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडायचा, जुना कुणी काढायचं नाही. थरावर थर चढत गेला, आमच्या पायऱ्या रस्त्यात गेल्या आणि जोराच्या पावसात पाणी उंबऱ्याशी यायला लागलं. काही घरांनी दारात सिमेंटचा बांध घातला. म्हाताऱ्या माणसांना तो ओलांडणं कठीण.

पुन्हा डांबरीकरण मंजूर होतंय असं कळलं, तेव्हा मी माहितीच्या अधिकारात त्या कामाच्या अंदाजपत्रकाची प्रत मागितली. अर्जाला दहा रुपये लागतात आणि कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत आली. खडी होती, डांबर होतं, रोलर होता. जुना थर खरवडण्याची बाब कुठेच नव्हती. म्हणजे पुढचा पावसाळाही तसाच जाणार, हे कागदावरच दिसत होतं. गल्लीतल्या बायका संध्याकाळी ओट्यावर बसल्या आणि अर्ज तयार झाला: जुना थर खरवडून मूळ पातळी राखावी, पावसाळी गटाराची झाकणं रस्त्याच्या पातळीला आणावीत. प्रत्येक घराच्या जोत्याची उंची टेपने मोजून तक्ता जोडला. पोच घेतली, आवक क्रमांक लिहून ठेवला. माझ्या मते काम केलं ते त्या तक्त्याने. इंजिनिअर साहेब तोच तक्ता हातात घेऊन आले आणि त्यांनी स्वतः मोजून पाहिलं. आमच्याकडे खरवडून रस्ता झाला. पलीकडच्या गल्लीचा कार्यारंभ आदेश आधीच निघाला होता, तिथे जुन्यावरच डांबर पडलं. तिथल्या काकूंकडे अजून पाणी शिरतं आणि मला ते फार लागतं.

•

वरच्या ताईंचं वाचून लिहितो. मी एका महापालिकेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालो, आता गंगापूर रोडला राहतो. निविदा निघाली की कामाची व्याप्ती ठरून जाते. नंतर ठेकेदाराशी वाद घालून काही होत नाही, कारण त्याला लिहिलेल्या बाबींचेच पैसे मिळतात. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्याआधी प्रशासन पालिकेचं वर्षाचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतं, मग ते महासभेत जातं. खालच्या कार्यालयांतून मागण्या गोळा होतात त्या याच्याही आधी. म्हणून बाग, अभ्यासिका, दवाखाना असं काही हवं असेल तर दिवाळीनंतर लगेच लेखी द्यावं.

अजून एक सांगतो. मतदारांची क्षेत्रसभा घेण्याची तरतूद २००९ पासून राज्याच्या कायद्यात आहे. फार थोड्या लोकांना ती माहीत आहे. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांकडे ती नावानिशी, लेखी मागा.

•

पंचवटीतून. आमचा वाडा अशा बोळात आहे की घंटागाडी आत येत नाही. गाडी यायची तेव्हा नवरा-बायको दोघंही कामावर गेलेले असायचे, घरात फक्त सासूबाई. दोन डबे उचलून कोपऱ्यापर्यंत जाणं त्यांना जमत नाही. मग कचरा कोपऱ्यावर पडायचा आणि कुत्री तो पसरवायची. सगळ्या घरांच्या सह्यांनी वेळ बदलून मागितली, पण त्याआधी गाडीवरच्या दादांशी बोललो. त्यांनी समजावलं की गाडी भरली की खाली करायला पाथर्डीच्या खतप्रकल्पापर्यंत जावं लागतं आणि दुसऱ्या फेरीला उशीर होतो तो त्यामुळे. म्हणून अर्जात आम्ही ‘पहिल्या फेरीत घ्या’ एवढंच लिहिलं. झालं. मोबदल्यात ओला-सुका वेगळा करून देण्याचं आम्ही कबूल केलं आणि ते पाळतो.

•

सातपूर, कारखान्यात दुसरी पाळी. सिटीलिंकच्या बस ८ जुलै २०२१ ला सुरू झाल्या तेव्हा आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली. अडचण होती थांब्याची. थांबा अंधारात, समोर मोकळा प्लॉट, आणि पाळी सुटल्यावर पॅकिंगच्या मुली तिथे उभ्या. आम्ही दोन अर्ज दिले, एक दिव्यासाठी, एक थांबा पुढच्या चौकात नेण्यासाठी. दिवा आधी लागला. थांब्याचं अजून चालू आहे.

•

मी जुन्या नाशकातली, नदीपासून फार लांब नाही. आमच्याकडे पूर मोजायचा तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी मूर्तीच्या कमरेला लागलं की भांडीबाजार, सराफ बाजारातले लोक माल वर चढवायला लागतात. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर घरातल्या सगळ्यांना लख्ख आठवतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे आता मोबाईलवर येतं, पण ते दुकानात झोपणाऱ्या हमालाला कळत नाही. आमच्या मंडळाची मागणी एकच होती: पाणी वाढायच्या आधी, दिवसाउजेडी, भोंग्यावरून मराठीत आणि हिंदीत पुकारा व्हावा, आणि आकड्याऐवजी ‘पाणी अमुक पायरीपर्यंत येईल’ असं सांगावं. गेल्या पावसाळ्यात पुकारा झाला, पायरीचा उल्लेख मात्र नव्हता. यंदा पुन्हा लिहून दिलंय.

पूररेषेतल्या वाड्यांचं दुखणं वेगळं आणि मोठं. नदीलगतच्या निळ्या पूररेषेच्या आत नवं बांधता येत नाही, जुनं पडायला आलेलं, भाडेकरू आणि मालक दोघंही अडकलेले. त्यावर कुणाचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा, माझ्याच्याने थोडक्यात होणार नाही.

•

कॉलेजात शिकतो. २०२५ च्या अखेरीस तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रश्न आला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा हरकत नोंदवली. कुंभमेळा २०२७ चा, साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी जागा हवी, हे मलाही समजतं. माझी आजी दर सिंहस्थात स्नानाला जाते. पण १९७५ च्या झाडांच्या कायद्यात हरकतीची सोय आहे, तर ती वापरायलाच हवी. ‘झाडं तोडू नका’ एवढंच न लिहिता मी आणि मित्रांनी तिथे फिरून जातवार नोंदी केल्या, जुन्या झाडांचे घेर मोजले. सुनावणीत आमच्या कागदाबद्दल विचारणा झाली, घोषणांबद्दल नाही.

•

नाशिकरोड, जेलरोडकडून. आमच्या अभ्यासिकेत एमपीएससी करणाऱ्या मुली आहेत. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवायची तर पहारेकरी हवा, त्याचा पगार कुणी द्यायचा यावर विषय अडलाय. पालकांनी वर्गणीची तयारी दाखवली, पण तो पैसा स्वीकारण्याचा नियम कुणाला सापडत नाहीये. निवृत्त इंजिनिअर काकांना यातलं माहीत असेल तर कृपया सांगा. आणि इंदिरानगरकडच्या कुणी अशी लोकवर्गणीची व्यवस्था कुठल्या बागेसाठी किंवा जॉगिंग ट्रॅकसाठी केली असेल, तर त्या ठरावाची प्रत हवी आहे.