पायी वारीसाठी घरगुती औषधं: काय न्यावं, काय नको?

प्रश्न
आई (वय ६१) यंदा आळंदीहून दिंडीबरोबर पायी निघणार आहे. बीपीची गोळी रोज चालू आहे, मधुमेह नाही. सुंठ, ओवा, हळद, ज्येष्ठमध, जायफळ, कोकम तेल, तुरटी असं सगळं बांधून न्यायचं म्हणते. यातलं खरंच काय कामाला येतं आणि कसं वापरायचं? बोजा ट्रकमध्ये असेल, खांद्याला फक्त शबनम.

प्रतिसाद १
आधी पायांचं बघा. अडीचशे किलोमीटर चालायचंय, आणि पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांबलचक टप्पा सुरुवातीलाच येतो. चपला-बूट नवे नकोत, निदान महिनाभर वापरलेले हवेत.

कोकम तेल अवश्य द्या, पण टाचांच्या भेगांसाठीच. मुक्कामी पाय धुवून पूर्ण कोरडे करायचे, तेलाचा छोटा तुकडा चमच्यात धरून वितळवायचा, कोमट झाला की भेगेत भरायचा आणि वर सुती मोजा चढवायचा. हेच तेल बोटांच्या बेचक्यांत लावलं तर ओल आतच कोंडते आणि चिखल्या वाढतात. बेचक्या फडक्याने टिपून उघड्या ठेवायच्या, ओले मोजे लगेच बदलायचे. तीनचार जोड द्या. कातडी पांढरी पडून खाज सुटली तर क्लोट्रिमाझोलचं मलम लावावं, घरगुती प्रयोग करत बसू नये.

फोड आला तर फोडू नका, वरची कातडी हीच त्याची पट्टी. फुटलाच तर स्वच्छ पाण्याने धुवून गॉज लावा. हळद चेपू नका: डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या थराखाली लाली किंवा पू दिसतच नाही.

प्रतिसाद २
तुरटीबद्दल फार गैरसमज आहे. तिने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. नितळ दिसलं म्हणून लोक ते पाणी पितात आणि दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू. निवळल्यावर वरचं पाणी गाळून खळखळून उकळा, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गोळी किती पाण्याला ते पाकिटावर असतं. क्रम उलटा नको, गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

जुलाबावर जलसंजीवनी: १ लिटर स्वच्छ पाणी, साखर ६ सपाट छोटे चमचे, मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. चमचा ५ मिलीचा, दोन्हीला तोच. चिमटीने मीठ टाकू नका, जास्त पडलं तर अपाय होतो. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. सोबत भाताची पेज. जायफळ उगाळून नखभरच घ्यायचं, जास्त झालं तर गुंगी येते, छातीत धडधडतं. जुलाबातून रक्त पडलं, ताप आला किंवा लघवी कमी झाली तर तडक वैद्यकीय पथकाकडे न्या.

प्रश्नकर्ता
बीपी असताना मिठाचं पाणी चालेल का?

प्रतिसाद ३
जुलाब होत असतील तेव्हा चालेल, नुसती तहान लागली म्हणून दिवसभर नको. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. जुलाबात अशी गोळी घ्यायची की थांबवायची हे निघायच्या आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आणि ज्येष्ठमध पिशवीतून काढाच! घसा बसला की वारीभर चघळलं जातं, आणि त्याने बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं. त्याऐवजी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, पाणी गिळायचं नाही. दिवसा एखादी लवंग दाढेत धरली तरी पुरे. सुंठ आणि भाजलेला ओवा खुशाल द्या, पण ओव्यात सैंधव घालू नका, तेही मीठच.

गोळ्या मात्र ट्रकमध्ये नको, शबनममध्ये हव्यात. ट्रक पुढे गेला की मुक्कामापर्यंत हाताला लागत नाही. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळा, वर नाव आणि वेळ लिहा.