टोरांटोच्या वस्त्या बघायच्या तर डाउनटाउन सोडा राव

पूर्वेचा_पक्या: दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा येतात आणि आपण त्यांना तेच ते फिरवतो, डिस्टिलरी, केन्सिंग्टन मार्केट, डॅनफोर्थचं ग्रीकटाउन. माझ्या मते हे सगळं आता फोटोपुरतं उरलंय. डॅनफोर्थला रस्त्यांच्या पाट्यांवर ग्रीक अक्षरं आहेत पण ग्रीक कुटुंबं बरीचशी कधीच उपनगरांत गेली. आणि डिस्टिलरी? ती 1832 ची गुडरहॅम अँड वर्ट्सची दारूभट्टी, 2003 पासून तिथे महागडी कॉफी, वस्ती कुठली आलीये त्यात. त्यापेक्षा 54 नंबरची लॉरेन्स ईस्ट बस पकडा, स्कारबरोत, म्हणजे शहराच्या पूर्व भागात, वेक्सफर्डला उतरा, एकाच रस्त्यावर अरबी बेकऱ्या, फिलिपिनो दुकानं, श्रीलंकन तमिळांचा कोत्तु रोटी, सगळं रोजच्या गिऱ्हाइकांसाठी.

spadina नको स्पडायना म्हणा: काहीही हं. माणसं हलली म्हणजे वस्ती खोटी झाली का? पहिलं चायनाटाउन एलिझाबेथ स्ट्रीटला होतं, नव्या सिटी हॉलसाठी त्यातलं बरंच पाडलं (1965 ला उघडला तो), मग ते स्पडायना रस्त्याला सरकलं, जिथे त्याआधी ज्यू लोकांचा कपड्यांचा धंदा होता. केन्सिंग्टनमध्ये ज्यूंची जुनी प्रार्थनाघरं, सिनेगॉग, अजून उभी आहेत आणि दोन मिनिटांवर कॅरिबियन पॅटी मिळते. हे थरावर थर तुमच्या स्कारबरोच्या स्ट्रिप मॉलमध्ये, त्या पार्किंगमागच्या दुकानांच्या रांगेत दिसणारेत का??

सूनबाई_एटोबिकोक: +1. शिवाय सासूबाईंचे गुडघे बघा आधी. स्कारबरोत एका दुकानातून दुसऱ्यात जायचं तर मधे अख्खा पार्किंग लॉट, सावली नाही, बसायला बाक नाही. केन्सिंग्टनला उन्हाळ्यात महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाड्या बंद असतात, निवांत रमतगमत फिरता येतं.

पूर्वेचा_पक्या: त्या रविवारी पाय ठेवायला जागा नसते ताई. आणि बसचं प्रेस्टो कार्ड एकदा टॅप केलं की दोन तास कितीही चढा-उतरा, चालायचंय कशाला एवढं.

कणीसप्रेमी: जेरार्ड स्ट्रीट, आपलं लिटल इंडिया, विसरलात सगळे! 1972 ला तिथे नाझ थिएटरात हिंदी सिनेमे लागायला लागले, त्यांच्या गर्दीवर साडीवाले, मिठाईवाले आले. थिएटर गेलं, आपली मंडळी किराणा ब्रॅम्प्टन-मिसिसॉगा या उपनगरांत भरतात, तरी उन्हाळ्यात संध्याकाळी फुटपाथवर कोळशावरचं कणीस मिळतं, वर लिंबू फिरवून तिखटमीठ, आई दोन खाऊन मगच हलली.

पूर्वेचा_पक्या: म्हणजे लोक गेले, कणीस राहिलं. मी वेगळं काय म्हणतोय?

spadina नको स्पडायना म्हणा: कणीस विकणारा कोण आहे मग, पर्यटक?