प्रश्न फक्त वेळेचा नाही
काम आणि घर यांच्या बॅलन्सवरच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की संध्याकाळी सातला ऑफिसचा फोन बंद केला की बॅलन्स जमतो. वेळेपुरतं पटतं, पण ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या संशोधकांनी १९८५ मध्येच काम आणि घर यांच्या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितलेत, वेळेची, ताणाची आणि वागण्याची, आणि तिसऱ्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. मी नर्स आहे, वॉर्डात भावना बाजूला ठेवून पटापट बोलावं लागतं, आणि वेळेवर घरी आले तरी मुलीशी त्याच सुरात बोलायचे. एकदा ती म्हणाली, आई, मी पेशंट नाहीये. फार लागलं ते. आता घरात शिरायच्या आधी दहा मिनिटं खाली कट्ट्यावर बसते. संशोधक सू क्लार्कची २००० सालची बॉर्डर थिअरी काम आणि घर ही दोन वेगळी जगं मानते, त्यातली रोज सीमा ओलांडणारी माणसं म्हणजे आपणच, आणि मला ओलांडायला तेवढी दहा मिनिटं लागतातच.