रस्सीखेच म्हटलं की दोर कोण?

प्रश्न

आंतरराष्ट्रीय घडामोडींवरचे लेख मराठीत आणायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. सध्या झांबियावरच्या एका मजकुरात अडकले आहे. मोठ्या देशांना तिथे आपला प्रभाव वाढवायचा आहे, तिथल्या सरकारने आपल्याशीच भागीदारी करावी असं प्रत्येकाला वाटतंय, आणि त्यासाठी त्यांची आपसात स्पर्धा चालली आहे, एवढाच त्याचा आशय. मी सवयीने मथळा दिला, ‘झांबियासाठी अमेरिका-चीनमध्ये रस्सीखेच’. दुसऱ्या दिवशी तोच मथळा वाचताना खटकला. रस्सीखेचीत दोन बाजूंना दोन संघ असतात आणि मधे दोर. म्हणजे या मथळ्यात झांबिया दोर झाला. दोराला मत नसतं, दोर कुणाकडे काही मागत नाही.

मग दुसरे शब्द आठवून पाहिले. चढाओढ, चुरस, अहमहमिका. यांत दोर नाही, पण तो देशही नाही. बाहुलं, प्यादं, मांडलिक, अंकित यांत देश आहे, पण दुसऱ्याच्या हातातला. क्रियापदांची गंमत वेगळीच. आपल्या बातम्यांत चीनचा ‘शिरकाव’ होतो, अमेरिका ‘हस्तक्षेप’ करते, फ्रान्सचा ‘पगडा’ असतो आणि भारताचं मात्र ‘सहकार्य’ असतं. काम पाहिलं तर पुष्कळदा तेच, कुठे रस्ता, कुठे धरण, कुठे लष्करी प्रशिक्षण. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रभाव आणि भागीदारी हे शब्द अशा ठिकाणी कितपत नेमके आहेत? आणि ज्या देशात हे सगळं घडतं तो वाक्याचा कर्ता होईल असे शब्द मराठीत आहेत का?

प्रतिसाद

‘प्रभाव’ शब्दाला नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. प्र आणि भू यांपासून तो आला, ‘प्रभू’ही त्याच घरातला. मूळ अर्थ सामर्थ्य, तेज. औषधाचा प्रभाव, विचारांचा प्रभाव असं आपण सहज बोलतो, त्यात जबरदस्ती अभिप्रेत नसते. खरी अडचण ‘प्रभावक्षेत्र’ या जोडशब्दात आहे. प्रभाव माणसावर पडतो, क्षेत्र मात्र आखावं लागतं, आणि आखणारा बाहेरचा असतो. ३१ ऑगस्ट १९०७ला ब्रिटन आणि रशियाने सेंट पीटर्सबर्गमध्ये करार करून इराणचे भाग पाडले. उत्तर रशियाकडे, आग्नेय ब्रिटनकडे, मधला पट्टा दोघांनाही मोकळा. इराणच्या सरकारला यातलं काही विचारलं नव्हतं, सांगितलं ते करार होऊन गेल्यावर. त्याआधी १८८४-८५च्या बर्लिन परिषदेला चौदा सत्ता हजर होत्या, विषय आफ्रिकेचा होता आणि एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. हा इतिहास ‘प्रभावक्षेत्र’ शब्दात मुरलेला आहे. त्यामुळे १९०७च्या इराणला तो चपखल बसतो. आजच्या झांबियाला तो लावायचा असेल, तर नकाशावर रेघ कुणी मारली ते आधी दाखवावं लागेल.

रोजच्या वापरात मला ‘वजन’ जास्त आवडतो. ‘तिथल्या सरकारदरबारी अमुक देशाचं वजन आहे.’ वजन वाढतं, तसं ते घटतंही, आणि किती मानायचं ते समोरच्याच्या हातात राहतं. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये फ्रान्सचं वजन काही दशकं होतं. २०२३च्या डिसेंबरात फ्रेंच सैनिक तिथून निघाले, पुढच्या वर्षी अमेरिकनांनीही आगादेझचा तळ रिकामा केला. ‘प्रभावक्षेत्र’ वापरून हे वाक्य लिहून बघा, जमत नाही.

प्रतिसाद

मी बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली, म्हणून पैशाच्या शब्दांपुरतं बोलतो. या विषयावरच्या मराठी बातम्यांत सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो.

‘मदत’ आणि ‘कर्ज’ यांत सरसकट गल्लत होते. अमुक देशाला इतक्या कोटी डॉलरची मदत, असं छापून येतं. आत वाचावं तर ते सवलतीचं कर्ज निघतं, आणि त्यातूनच देणाऱ्याच्या कंपन्यांकडून माल घ्यायची अट असते. चीनच्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेच्या सवलतीच्या कर्जात साधारण निम्मी खरेदी चीनमधून करावी लागते. आपल्या एक्झिम बँकेमार्फत भारत सरकार जे कर्ज देतं, त्यात सर्वसाधारण नियम ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घेण्याचा आहे. यात लपवण्यासारखं काही नाही, सगळेच देश कमीअधिक असं करतात. पण परत फेडायच्या पैशाला मदत म्हणू नये. अनुदान असेल तर अनुदान लिहावं, कर्ज असेल तर कर्ज, आणि अट असेल तर ‘बांधील कर्ज’. वाचणाऱ्याला एका शब्दात व्यवहार कळतो.

आता हंबनटोटा. ‘श्रीलंकेने बंदर चीनकडे गहाण टाकलं’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की ते आता लोकांना पाठ झालं असेल. गहाण म्हणजे काय? कर्जाच्या पोटी वस्तू अडकवून ठेवायची, कर्ज फिटलं की ती मोकळी. गहाणातही प्रकार आहेत. कब्जेगहाणात वस्तू सावकाराच्या ताब्यात जाते. नजरगहाणात ती तुमच्याकडेच राहते, फक्त तिच्यावर बोजा चढतो. हंबनटोट्यात यातलं काहीच घडलं नाही. २०१७मध्ये श्रीलंकेने ते बंदर एका चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं आणि त्या व्यवहारातून १.१२ अब्ज डॉलर आले. ते गेले परकीय चलनाच्या गंगाजळीत. बंदर बांधायला घेतलेलं चिनी कर्ज श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं. गहाणवट म्हणावी तर कर्ज फिटताच बंदर सुटायला हवं होतं, आणि जप्ती म्हणावी तर हप्ता थकायला हवा होता. हा भाडेपट्टा आहे. ९९ वर्षांचा भाडेपट्टा ही किरकोळ गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. ती गंभीरच आहे, पण तिचं गांभीर्य तिच्या खऱ्या नावाने सांगावं.

गहाणाच्या जवळ जाणारं उदाहरण हवंच असेल तर अंगोला घ्या. यादवी संपल्यावर २००४मध्ये त्यांनी चीनच्या एक्झिम बँकेकडून दोन अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं आणि फेड बांधली तेलविक्रीच्या उत्पन्नाशी. तेलविहिरी चीनच्या ताब्यात गेल्या नाहीत, पण निघणाऱ्या तेलाच्या पैशावर आधीच हक्क सांगून ठेवला गेला. आमच्या भाषेत याला ‘येणे रकमेवरचं तारण’ म्हणता येईल.

‘सापळा’ आणि ‘विळखा’ यांतला फरकही महत्त्वाचा आहे. सापळा कुणीतरी लावतो, त्यामागे हेतू असतो. विळखा आपोआपही पडतो. ‘चीनचा कर्जसापळा’ म्हणणाऱ्याने हेतू सिद्ध करायची जबाबदारी घेतली पाहिजे. श्रीलंकेने एप्रिल २०२२मध्ये परदेशी कर्जांची फेड थांबवली, तेव्हा तिच्या अंगावर चिनी कर्ज होतंच. पण बाहेरच्या कर्जाचा मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. त्या रोखेधारकांनी सापळा लावला असं कुणी लिहिलं नाही. मी दोन्हीकडे ‘कर्जाचा विळखा’ लिहीन.

प्रतिसाद

भागीदारीचाही निकाल याच हिशेबाने लागतो. भागीदार नफ्यात असतो तसा तोट्यातही असतो. ज्याला ठरलेल्या तारखेला ठरलेलं व्याज मिळतं तो सावकार, ज्याला कामाचे पैसे मिळतात तो कंत्राटदार. रस्ता बांधून देणाऱ्या देशाने त्या रस्त्याच्या टोलमध्ये आणि तोट्यातही हिस्सा घेतला, तर भागीदारी म्हणू. घोषणापत्रांत तो शब्द येतो कारण तो दोन्ही बाजूंना मान देतो. मान देण्यात वाईट काही नाही, पण बातमी लिहिणाऱ्याने घोषणापत्राचा शब्द उचलायलाच हवा असं नाही. ‘सहकार्य करार’ पुरे. आणि कृपया ‘साथीदार’ लिहू नका. मराठी वर्तमानपत्रात तो शब्द चोराच्या बातमीत इतका रुळला आहे की ‘फ्रान्सचे आफ्रिकेतील साथीदार’ म्हटलं की वाचणाऱ्याला पोलीस पंचनामा आठवतो.

‘ग्लोबल साउथ’चं (म्हणजे ढोबळमानाने विकसनशील देशांचं) ‘दक्षिण गोलार्ध’ करणंही चूक. भारत अख्खा उत्तर गोलार्धात आहे आणि ऑस्ट्रेलिया दक्षिणेत असून त्यात मोडत नाही. आहे तोच शब्द देवनागरीत लिहावा.

प्रतिसाद

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, लहान देश कर्ता होईल असा शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परराष्ट्रधोरणाचे सहा मार्ग सांगितले आहेत, षाड्गुण्य : संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. शेवटचे दोन इथे कामाचे आहेत. संश्रय म्हणजे बलवानाच्या आश्रयाला जाऊन स्वतःला त्याच्या हवाली करणं. द्वैधीभाव म्हणजे एकाशी संधी (तह) ठेवून दुसऱ्याशी विग्रह (वैर) चालवणं. दोन्ही क्रिया राजाने स्वतः ठरवून करायच्या आहेत. अगदी दुबळ्या राजालाही कौटिल्य निवड देतो. आपल्याकडे मांडलिक हा शब्द उरला आणि ही निवड सांगणारे शब्द गेले. ‘उदासीन’चंही तसंच झालं. त्या शास्त्रात उदासीन हा सगळ्यांपासून दूर असलेला, पण सगळ्यांहून बलवान राजा. आज उदासीन म्हटलं की कशातच रस नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद

द्वैधीभाव सुचवलात, पण मथळ्यात तो ‘दुटप्पीपणा’ असाच वाचला जाईल. शिवाय झांबियाचा कुणाशी विग्रह चाललेला नाही, त्याला दोघांकडूनही घ्यायचं आहे.

मला यातून एक गोष्ट जाणवली आणि ती जरा लागली. दोघांशी संबंध राखणाऱ्यासाठी मराठीत वाक्प्रचारांची कमतरता नाही. दोन्ही डगरींवर पाय, तळ्यात-मळ्यात, धरसोड. सगळे दूषण देणारे. आणि तेच आपल्या देशाने केलं की ‘धोरणात्मक स्वायत्तता’. नेहरूंच्या काळापासून आपण ‘अलिप्तता’ म्हणत आलो, हिंदीने ‘गुटनिरपेक्षता’ घेतला. हिंदी शब्द काय केलं ते सांगतो, गटाची अपेक्षा ठेवली नाही. आपला शब्द अंगाला काही लागू न दिल्याचं सांगतो. पण १९५५ला बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी परिषदेला जमलेले २९ देश किंवा १९६१ला बेलग्रेडच्या अलिप्त देशांच्या परिषदेला जमलेले २५ देश जगापासून अंग चोरून बसलेले नव्हते. धरणं, कारखाने, शिष्यवृत्त्या त्यांतले बरेच जण दोन्हीकडून मागत होते आणि मिळवतही होते.

याच झांबियाचा जुना इतिहास बघा. नोव्हेंबर १९६५मध्ये शेजारच्या ऱ्होडेशियात (आजचा झिंबाब्वे) गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं आणि चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या झांबियाची दक्षिणेची वाट धोक्यात आली. तांबं समुद्रापर्यंत न्यायचं कसं? झांबियाचे अध्यक्ष कौंडा आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे या दोघांनी रेल्वेसाठी आधी पाश्चात्त्यांची दारं ठोठावली. नकार आला. मग चीनने बिनव्याजी कर्ज देऊ केलं आणि दार एस सलाम ते कापिरी म्पोशी अशी १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे १९७०च्या दशकात उभी राहिली. तिथे तिला उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, रेल्वे म्हणतात. चीन आला म्हटल्यावर अमेरिकेने त्याच दिशेने जाणाऱ्या महामार्गाला पैसे दिले. ज्यांना काहीच मिळत नव्हतं त्यांनी रेल्वेही मिळवली आणि रस्ताही. आज परत तेच चाललंय. अंगोलातल्या लोबिटो बंदराच्या मार्गाने तांबं पश्चिमेला अटलांटिककडे नेण्याच्या योजनेत अमेरिका आणि युरोपीय संघ आहेत, झांबिया त्यात सहभागी आहे. आणि सप्टेंबर २०२४मध्ये ताझाराच्या नूतनीकरणासाठी त्याने बीजिंगमध्ये चीन आणि टांझानियाबरोबर सामंजस्य करारही केला.

याला तळ्यात-मळ्यात म्हणायची माझी तयारी नाही. आपल्याकडे ‘पदरात पाडून घेणं’ हा सुंदर वाक्प्रचार आहे. त्यात मागणारा हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि पदर त्याचाच आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. ‘पदरात पाडून घेणं’ वाचलं आणि मथळा आपोआप फिरला : ‘पूर्वेला ताझारा, पश्चिमेला लोबिटो : झांबियाने दोन्ही मार्ग पदरात पाडून घेतले’. सामंजस्य करार म्हणजे हातात पडलेली रेल्वे नव्हे, म्हणून छापताना ‘पाडून घेण्याच्या प्रयत्नात’ असं केलं. मथळा लांबला, तरी तसाच ठेवला. आतल्या मजकुरात दोन ठिकाणी ‘मदत’ होती, तपासलं तर दोन्ही कर्जं निघाली, बदलली.

एक शब्द अजून सुटत नाही. परदेशी लष्करी तळ ज्या देशात असतात त्याला ‘यजमान देश’ म्हणायचा प्रघात आहे. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करवणारा आणि त्याचा खर्च उचलणारा. पेशव्यांनी १८०२च्या वसईच्या तहात इंग्रजांची तैनाती फौज घेतली, तिचा खर्च स्वतःच्या मुलखाच्या उत्पन्नातून दिला, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी न करण्याचं बंधनही पत्करलं. त्यांना त्या अर्थी यजमान म्हणता येईल. पण जिबुतीसारखा छोटा देश अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि २०१७पासून चीन अशा सगळ्यांना शेजारी-शेजारी तळ देतो आणि वर भाडं घेतो. पैसा उलट दिशेने वाहतो, आणि एकाला जागा दिली म्हणून दुसऱ्याला दार बंद नाही. तिथे यजमान कसं लिहू? सध्या मी ‘जागामालक’ लिहून ठेवलं आहे. शब्द फार रुक्ष वाटतो का?

प्रतिसाद

राहू द्या. मालक आहे ना त्यात.